एकावर एक तीन नाणी

या महिन्यात आलेली पत्रं जवळजवळ सगळी शाळेविषयी आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लिहायला बसले आणि हात थांबेना, त्यामुळे बाकीच्यांच्या वाट्याला जागा थोडी कमी आली आहे. पण कुणाला वगळलेलं नाही.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी अलिबाग तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. नवगावला बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, स्मारक आहे, ते दाखवायला मुलांना घेऊन गेले होते. जहाज फुटलं, माणसं किनाऱ्याला लागली, पुढे तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, एवढं मला सांगता आलं. मग एका मुलाने विचारलं, "त्यांच्या मुलांच्या शाळेत काय शिकवतात?" तुम्ही तिकडे इस्राएलमध्ये चौथीलाच शिकवत होतात असं वाचलं होतं. एका आठवड्यात वर्गात काय काय होतं, ते सांगाल का? मुलांना वाचून दाखवीन. – एक शिक्षिका, अलिबाग

उत्तर : बाई, शालोम. चौथीच्या मुलांचा प्रश्न चौथीच्याच बाईंकडून आला, म्हणून उत्तरही वर्गातलंच देते.

आधी एक खुलासा. ज्यू शाळा सगळीकडे एकसारखी नसते. इस्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने सरकारी शाळांच्या दोन शाखा झाल्या, एक साधी सरकारी आणि दुसरी सरकारी-धार्मिक. अतिधार्मिक पंथांच्या शाळा त्याहून निराळ्या, आणि अरब मुलांच्या अरबी माध्यमाच्या शाळा आणखी निराळ्या. मी नेगेव वाळवंटातल्या दिमोना गावात सरकारी-धार्मिक शाळेत शिकवलं, तेव्हा सांगते ते तिथलं. दिमोना १९५५ साली वसलं. आधी मोरोक्कोची कुटुंबं आली, मागून आपली मुंबईची आणि कोकणातली, पुढे इथिओपियाची, रशियाकडची. वर्गात सगळी मुलं हिब्रू बोलायची, पण घरी कुणाची आजी मराठीत रागवायची, कुणाची अरबीत, कुणाची अम्हारिकमध्ये.

आठवडा मी निवडते तो ज्यू पंचांगातल्या हेश्वान महिन्याच्या सात तारखेचा, म्हणजे साधारण ऑक्टोबरची अखेर. शाळा १ सप्टेंबरला उघडते खरी, पण मग नवं वर्ष, योम किप्पुरचा उपास आणि सुक्कोतचे मांडव असे सण लागोपाठ येतात आणि अभ्यासाची घडी काही बसत नाही. हेश्वानात, इथिओपियाच्या कुटुंबांचा महिनाअखेरचा सिग्द सोडला, तर एकही सण नाही. आम्हा शिक्षकांना हा महिना म्हणूनच आवडतो.

शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शुक्रवारी दुपार व्हायच्या आत संपतो. शनिवार शब्बातचा, म्हणजे विश्रांतीचा. सकाळी पहिलं काम प्रार्थनेचं. प्रत्येकाच्या हातात आपापलं सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक. एक मूल पुढे उभं राहून मोठ्याने म्हणतं, बाकीची त्याच्या मागून. पाळी आलेल्या मुलाला आदल्या रात्री झोप लागत नाही, इतकं त्याचं अप्रूप असतं. मग वह्या निघतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे वहीसुद्धा आपल्या उलट बाजूने उघडते. वरच्या कोपऱ्यात तीन बारीक अक्षरं घालायची, 'देवाच्या साहाय्याने' या अर्थाची, आणि खाली तारीख. ती ज्यू पंचांगातली आणि आकड्यांऐवजी अक्षरांत लिहायची, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे. आलेफ म्हणजे एक, बेत म्हणजे दोन, योद म्हणजे दहा. अकरा लिहायचे तर दहा आणि एक. पण पंधरा आले की दहा आणि पाच लिहीत नाहीत, नऊ आणि सहा लिहितात, कारण दहा-पाचची अक्षरं शेजारी ठेवली की देवाचं नाव होतं आणि ते उगीच कुठेही लिहायचं नसतं. सोळाचंही तसंच, नऊ आणि सात. तुमच्या मुलांना फळ्यावर करून दाखवा, बेरीज त्यांना लगेच पटेल.

दहा वाजता डबा. डबा म्हणजे बहुधा पाव, आत चीज किंवा चॉकलेटचा लगदा, आणि एखादं फळ. पाव खायच्या आधी दोन कानांच्या तांब्याने हातांवर पाणी घ्यायचं आणि आशीर्वाद म्हणायचा. फळाचा आशीर्वाद वेगळा. झाडाच्या फळाचा एक आणि जमिनीच्या पिकाचा दुसरा. सफरचंद, संत्रं, खजूर ही झाडाची फळं. काकडी, गाजर ही जमिनीची. आणि केळं? दरवर्षी एक तरी मूल केळ्यावर झाडाचा आशीर्वाद म्हणतं आणि शेजारचं त्याला अडवतं. केळीला लाकडी खोड नसतं आणि घड काढला की ते खोड पुन्हा फळत नाही, म्हणून केळ्यावर जमिनीच्या पिकाचा आशीर्वाद. दिमोनाच्या पोरांना हे पुस्तकातून शिकवावं लागायचं. अलिबागच्या पोरांना विचारून बघा, ती तुम्हालाच समजावून सांगतील.

आता सोमवार. सोमवारी मिश्ना. मिश्ना म्हणजे इसवी सन २०० च्या सुमाराला रब्बी, म्हणजे धर्मशास्त्री, यहूदा हानासी यांनी एकत्र केलेला नियमांचा आणि मतभेदांचा संग्रह. त्यातच एके ठिकाणी म्हटलं आहे की पाचव्या वर्षी शास्त्र, दहाव्या वर्षी मिश्ना. चौथीचं मूल नऊ-दहा वर्षांचं, म्हणजे अगदी वेळेवर. आणि सुरुवातीला आम्ही घ्यायचो ते प्रकरण हरवलेल्या वस्तूंचं. वाटेत वस्तू सापडली तर ती ठेवून घ्यायची की दवंडी पिटायची?

मिश्नात यादी आहे. विखुरलेली फळं सापडली, ज्याला सापडली त्याची. विखुरलेली नाणी, त्याचीच. पण भांड्यात ठेवलेली फळं किंवा थैलीतली नाणी सापडली तर दवंडी पिटायला हवी. आणि पुढे एक अगदी छोटा नियम येतो, की एकावर एक अशी तीन नाणी सापडली तर दवंडी. इथे मी पुस्तकं मिटायला लावायचे. खिशातून तीन नाणी काढून एकदा जमिनीवर नुसती टाकायची आणि एकदा एकावर एक रचून ठेवायची. "काय फरक आहे? नाणी तीच, जागा तीच." मग दोघादोघांच्या जोड्या करून द्यायच्या. जोडीने वाद घालत शिकण्याला हव्रुता म्हणतात. वर्गात असा गलका व्हायचा की पलीकडच्या बाई दार उघडून बघून जात. मी तो गलका कधी थांबवला नाही.

दहा मिनिटांत कुणीतरी बोलायचंच, "बाई, एकावर एक म्हणजे ती पडलेली नाहीत, कुणीतरी ठेवलेली आहेत." दुसरं म्हणायचं, "मालक येऊन सांगू शकेल की ती कशी ठेवली होती." झालं, मूळ तत्त्व हाताला लागलं. वस्तूला ओळखीची खूण असेल तर मालकाची आशा सुटत नाही, आणि जोवर आशा आहे तोवर ती वस्तू त्याचीच. खूण नसेल तर तो स्वतःच म्हणेल, गेलं ते गेलं. म्हणून बेकरीचा पाव सापडला तर ठेवून घ्यावा, पण घरी भाजलेली भाकर सापडली तर मालक शोधावा. बेकरीचे पाव सगळे सारखे. घरच्या बाईचा हात मात्र प्रत्येक भाकरीत दिसतो. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दरवेळी माझ्या आईची, एका कडेला किंचित जाड राहणारी तांदळाची भाकरी येई. ती कुठेही ओळखली असती मी.

एका वर्षी हा धडा झाला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातल्या एका मुलीला पाण्याच्या नळापाशी गोट्यांची कापडी पिशवी सापडली. ती माझ्याकडे आलीच नाही. थेट तिसरी, चौथी, पाचवीच्या वर्गांत गेली आणि म्हणाली, "गोट्या सापडल्यात, खूण सांगा." पिशवीचा रंग काही तिने सांगितला नाही, कारण खूण दवंडी देणाऱ्याने सांगायची नसते, हे तिने आदल्या दिवशीच वाचलं होतं. दोन मुलगे आले. एक म्हणाला, निळी पिशवी. निळी होतीच, पण निळ्या पिशव्या शाळेत पुष्कळ. दुसरा म्हणाला, नाडी तुटली होती म्हणून आईने बुटाची लेस घातली आहे. पिशवी त्याला मिळाली. मी व्हरांड्यातून बघत होते. मुलगी वर्गात परत आली आणि विज्ञानाची वही काढून बसली, जणू काही विशेष झालंच नव्हतं.

मंगळवारी गणित, विज्ञान, इंग्रजी आणि कवायतीचा तास. मंगळवार ज्यू लोकांत शुभ. उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या, पुस्तकात तिसऱ्या दिवशी देवाने दोनदा 'चांगलं आहे' म्हटलं, म्हणून कित्येक जण लग्नसुद्धा मंगळवारचं धरतात. मुलांसाठी तो शुभ एवढ्यासाठी, की त्या दिवशी फुटबॉल असायचा.

मी ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी हेश्वानची सात तारीख बुधवारी आली होती. इस्राएलमध्ये पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. सुक्कोतच्या सणाचे दिवस संपले की पाऊस लागतो तो पेरणीसाठी. तरीही रोजच्या प्रार्थनेत पाऊस मागण्याचं वाक्य सण संपल्यावर लगेच म्हणत नाहीत. पंधरा दिवस थांबतात आणि सात हेश्वानपासून म्हणतात. का? मी मुलांना भिंतीवरच्या नकाशापाशी बोलवायचे. येरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा लोक सणाला लांबलांबून पायी येत. सगळ्यात लांबचे बाबिलोनकडून, फरात म्हणजे युफ्रेटिस नदीपलीकडून. मिश्नात रब्बान गमलिएल म्हणतात की सात तारखेपासून पाऊस मागावा, म्हणजे शेवटचा यात्रेकरूही फरातपर्यंत पोचलेला असेल.

म्हणजे हजारो शेतकऱ्यांनी आभाळाकडे डोळे लावून बसायचं, आणि तरी पाऊस मागायचा नाही, कारण एक माणूस अजून वाटेवर आहे. दिमोनासारख्या ठिकाणी, जिथे अख्ख्या हिवाळ्यात पाऊस येतो तो मोजक्याच दिवशी, हे मुलांना सहज पटत नाही आणि पटूही नये. मी त्यांना सुतळी देऊन नकाशावर येरुशलेम ते फरात वाट मोजायला लावायचे, सरळ रेघेत नाही, कारण मध्ये वाळवंट आहे आणि माणसं पाण्याच्या कडेने जातात. वर्गाचे दोन तट पडायचे, शेतकऱ्यांचे आणि वाटसरूंचे. एक मोरोक्कन मुलगा तावातावाने म्हणाला होता, "त्याने भिजत जावं, आम्ही उपाशी मरायचं का?" त्याला आमच्या इथिओपियाच्या एका मुलीने उत्तर दिलं. तिचे आजी-आजोबा सुदानपर्यंत पायी चालत आले होते. ती एवढंच म्हणाली, "पावसात रस्ता दिसत नाही." मुलगा खाली बसला. मला त्यावर काही बोलावं लागलं नाही.

सोमवारच्या मिश्नातही हेच येतं बघा. सापडलेल्या वस्तूची दवंडी किती दिवस द्यायची? रब्बी यहूदा म्हणतात, तीन सण, आणि शेवटच्या सणानंतर आणखी सात दिवस. तीन दिवस घरी जायला, तीन दिवस परत यायला आणि एक दिवस आपली वस्तू सांगायला. म्हणजे मालकाने घरी जाऊन आपलं काय हरवलं ते तपासून परत येईपर्यंत थांबायचं. दोन वेगळे विषय, पण दोन्हीकडे हिशेब चालणाऱ्याच्या पायांचा. हे मुलांनी आपणहून जोडून दाखवलं की त्या दिवशी मी वर्गाला घरचा अभ्यास देत नसे.

गुरुवारी पाराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा भाग. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, ५४ भागांत वाटली आहे. दर शब्बातला सिनेगॉगमध्ये त्या आठवड्याचा भाग वाचतात आणि वर्षात पाचही पुस्तकं पुरी होतात. जगातल्या सगळ्या ज्यू शाळांत त्या आठवड्यात जवळपास तोच भाग चाललेला असतो. आमचा त्या आठवड्याचा भाग 'लेख लेखा'. देव अब्राहामाला सांगतो, तुझा देश, तुझं जन्मस्थान, तुझ्या बापाचं घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा.

हा भाग शिकवताना मी गणिताची वही काढायला सांगायचे. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे की अब्राहामाचा बाप तेरह २०५ वर्षांचा होऊन हारान गावी वारला. लगेच पुढच्या अध्यायात अब्राहाम निघतो. वाचणाऱ्याला वाटतं, बाप गेला आणि मग मुलगा निघाला. पण अब्राहाम जन्मला तेव्हा तेरह ७० वर्षांचा होता आणि अब्राहाम निघाला तेव्हा स्वतः ७५ चा. सत्तर आणि पंच्याहत्तर एकशे पंचेचाळीस. दोनशे पाचातून एकशे पंचेचाळीस गेले, उरले साठ. म्हणजे मुलगा निघून गेल्यावर बाप आणखी साठ वर्षं जगला! हे उत्तर वहीवर आलं की वर्गाचे चेहरे बघण्यासारखे असत. मग आम्ही राशी उघडायचो. राशी हे अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार. त्यांचं भाष्य वेगळ्या वळणाच्या अक्षरांत छापतात आणि ती अक्षरं मुलं प्राथमिक शाळेतच शिकतात. राशींनी हाच हिशेब मांडला आहे आणि हाच प्रश्न विचारला आहे. मृत्यू आधी का सांगितला? कारण लोकांनी असं म्हणू नये की अब्राहामाने म्हाताऱ्या बापाला टाकलं आणि तो निघून गेला. नऊ वर्षांच्या मुलाला हजार वर्षांपूर्वीच्या पंडिताला पडलेलाच प्रश्न पडावा, यासारखा आनंद शिक्षकाला दुसरा नाही.

त्या दिवशी घरी करायचं काम ठरलेलं असे. आजी-आजोबांना विचारा, तुम्ही कुठून निघालात, बरोबर काय आणलंत, मागे कोण राहिलं. शुक्रवारी कुणी मोरोक्कोचे पुदिन्याच्या चहाचे ग्लास आणायचं, कुणी इथिओपियाची विणलेली टोपली. आमच्या एका मराठी मुलाने खोबरं खवायची विळी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. ती सुरक्षित ठेवायला मला ती कपाटात बंद करावी लागली, पण आधी मी स्वतः बसून दाखवलं. मागे कोण राहिलं, या प्रश्नाचं उत्तर मात्र मुलं हळू आवाजात वाचत. सगळ्यांच्या घरात एक तेरह होता.

शुक्रवार लहान. त्सेदाकाचा, म्हणजे दानधर्माचा, डबा फिरतो, मुलं त्यात एखादं नाणं टाकतात आणि महिन्याअखेर पैसे कुणाला द्यायचे ते वर्गच ठरवतो. पहिली-दुसरीत या दिवशी शब्बातचं स्वागत मोठ्या हौसेनं होतं, खल्ला म्हणजे वेणीसारखा पाव, द्राक्षाचा रस, पांढरं कापड घातलेलं टेबल. चौथीतली मुलं आपण आता मोठी झालो असं दाखवतात, पण खल्लाचा मोठा तुकडा कुणी सोडत नाही. जाताना प्रत्येकाच्या दप्तरात पाराशाचा कागद, त्यावर घरी जेवताना विचारायचे प्रश्न. हे कागद पुढे कचऱ्यात जात नाहीत. देवाचं नाव ज्यावर आहे असा कागद टाकत नाहीत, वर्गाच्या कोपऱ्यात त्यासाठी गेनिझाची पेटी असते. ती भरली की कागद नेऊन मातीत पुरतात.

बाई, तुमच्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर झालं. तीन नाण्यांचा प्रयोग जरूर करा आणि मुलं काय म्हणाली ते कळवा.

प्रश्न : इतका धर्म शिकवल्यावर गणित-विज्ञानाला वेळ उरतो का? मुलं मागे पडत नाहीत का? – एक निवृत्त अभियंता, पुणे

उत्तर : इस्राएलच्या शिक्षण मंत्रालयाचा गणित, विज्ञान, भाषा आणि इंग्रजीचा अभ्यासक्रम सरकारी आणि सरकारी-धार्मिक शाळांना दोन्हीकडे लागू आहे आणि परीक्षाही त्याच. धार्मिक विषय त्यावर चढतात, म्हणून दिवस लांबतो. हा बोजा खरा आहे, मी तो नाकारत नाही. विशेषतः हिवाळ्यात अंधार पडायच्या बेताला दमून घरी जाणारी लहान मुलं मी पाहिली आहेत आणि वेळापत्रक आखणाऱ्यांशी त्यावरून भांडलेही आहे. अतिधार्मिक शाळांपैकी अनेकांत मुलग्यांना गणित-इंग्रजी फार थोडं शिकवतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. मुलाला पुढे पोट भरता आलं पाहिजे. बापाने मुलाला कसब शिकवावं, हा आमच्या जुन्या शास्त्रींचाच नियम आहे. पण मिश्ना शिकल्याने गणित मागे पडतं असं माझ्या वर्गात कधी दिसलं नाही. "नाणी विखुरलेली की रचलेली" यावर अर्धा तास वाद घालणारं मूल तोंडी गणितातली अट नीट वाचतं.

प्रश्न : माझे आजोबा मुंबईत माझगावच्या इस्राएली शाळेत शिकले, असं घरी बोलतात. ती शाळा कधीची? आता तिथे ज्यू मुलं आहेत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ती शाळा १८७५ सालची. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी पुढाकार घेऊन बेने इस्राएल मुलांसाठी काढली. मुलांना इतर विषयांबरोबर हिब्रूही यावं, हा हेतू. पुढे तिला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. तुमच्या आजोबांच्या पिढीतल्या पुष्कळ बेने इस्राएल घरांत कुणी ना कुणी तिथे शिकलेलं आहे. माझी आईही. १९४८ नंतर समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला आणि वर्गातली ज्यू नावं कमी होत गेली. आज तिथली बहुतेक मुलं इतर समाजांची आहेत. भायखळ्याला बगदादी ज्यूंनी काढलेल्या जेकब ससून शाळेतही तसंच, तिथे बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. काहींना याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही. शाळा उभी आहे आणि मुलं शिकत आहेत. घरात आजोबांची एखादी जुनी वही, प्रगतिपुस्तक किंवा बक्षिसाचं पुस्तक असेल तर ते कृपा करून रद्दीत घालू नका. त्या वर्गांत नेमकं काय शिकवत, हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

प्रश्न : बाई, आम्ही ठाण्याहून इस्राएलमध्ये अश्दोदला नवीनच आलो आहोत. मुलगी पहिलीत आहे. हनुक्का सणाच्या सुमाराला वर्गात सिद्दूरचा समारंभ आहे, त्यात सगळ्यांसमोर वाचायचं आहे. मला हिब्रू वाचताना अडखळायला होतं. मुलगी म्हणते, "आई, तुला काहीच येत नाही, तू नको येऊस." मी रात्री रडते. घरी कसं शिकवू? – एक आई, अश्दोद

उत्तर : बाळ, आधी डोळे पूस. तू आलीच पाहिजेस आणि पहिल्या रांगेत बसली पाहिजेस.

सिद्दूरच्या समारंभात प्रत्येक मुलाला आयुष्यातलं पहिलं स्वतःचं सिद्दूर मिळतं, बहुधा आईने शिवलेल्या किंवा रंगवलेल्या वेष्टनासकट. वेष्टनाचं काम शाळा पालकांकडे सोपवते. ते तू कर. शिवणकाम येत असेल तर एखाद्या जुन्या साडीचा काठ लाव. त्या वर्गात तसं वेष्टन दुसऱ्या कुणाचं नसेल.

आता वाचनाचं. हिब्रूची अक्षरं बावीस, त्यांतल्या पाचांचं रूप शब्दाच्या शेवटी बदलतं. स्वर अक्षराच्या खाली-वर ठिपक्यांनी दाखवतात. तुला बाराखडी येते, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. एक अक्षर घे, समज बेत, आणि सगळे स्वर लावून ओळीने म्हण : बा, बे, बि, बो, बु. दुसऱ्या दिवशी दुसरं अक्षर. मोरोक्कोच्या आणि रशियाच्या आयांना ही सवय नसते, आपल्याला ती पहिलीपासून लागलेली आहे. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि मुलगी दमली असेल त्या दिवशी मुळीच नाही.

मुलीच्या पुस्तकात अक्षरांवर देवनागरीत उच्चार लिहू नकोस. तिची नजर तिकडेच जाईल. तुझ्यासाठी लिहायचं असेल तर वेगळ्या वहीत लिही. यात कमीपणा काही नाही. आपल्या लोकांनी हिब्रू मराठीच्याच हाताला धरून शिकलं. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण १८३२ साली काढलं. आणि पेसाह सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ सालीच छापली गेली. त्या हग्गादा वाचणाऱ्या बायकांनाही हिब्रू अडखळतच येत असणार, तरी सण झाले आणि मुलं शिकली.

मुलगी म्हणते तुला काही येत नाही, तर तिलाच शिकवायला सांग. रात्री जेवण झाल्यावर म्हण, आज वर्गात कोणतं अक्षर झालं, मला दाखव. तिने चूक दाखवली तर मान्य कर आणि पुन्हा वाच. सहा वर्षांच्या मुलाला शिकवायला मिळणं फार आवडतं आणि शिकवता शिकवता तिचंच पक्कं होतं. बदल्यात तू तिला एक मराठी अक्षर शिकव.

आणि वर्गशिक्षिकेला या आठवड्यातच भेट, समारंभ जवळ यायची वाट बघू नकोस. मुलीला वाचायचा उतारा कोणता आहे ते विचार आणि तेवढाच मोठ्या अक्षरांत, स्वरचिन्हांसकट लिहून माग. नवीन आलेल्या मुलांना हिब्रूचे जादा तास मिळण्याची तरतूद असते, त्याचीही चौकशी कर. बोलताना हिब्रू चुकलं तर चुकू दे. बहुतेक शिक्षिकांच्या घरी कुणी ना कुणी बाहेरून आलेलं असतं, त्यांना समजतं. नाहीच जमलं तर मला पुन्हा लिही, उताऱ्याचं नाव कळव, मी तो तुला मराठीत नीट समजावून पाठवीन.